भिंतीची झोप

अकोल्याच्या उन्हाळ्याला कुणी नावं ठेवली की दिगंबर घोगऱ्यांना राग यायचा. ज्याच्या जिवावर घर चालतं त्याला शिव्या देऊ नयेत, एवढं साधं त्यांचं म्हणणं. मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर गेला की बाकीचं गाव कपाळाला हात लावायचं आणि दिगूभाऊ बाह्या सरसावून दुकानाचं शटर वर करायचे. 'घोगरे कूलर्स, थंड हवेची हमी' ही पाटी त्या शटरवर एकतीस वर्षं टिकून होती. पत्रा कापण्यापासून वाळ्याची खस भरण्यापर्यंत सगळं काम ते हातानं करायचे. कूलर गिऱ्हाइकाच्या खिडकीत बसवला की समोरची दुसरी खिडकी स्वतः उघडायचे आणि मगच परत फिरायचे. "हवेले यायले वाट देली, तशी जायले बी द्या लागते," हे त्यांचं वाक्य अर्ध्या अकोल्याला पाठ होतं. हे वाक्य ज्यानं हजारदा म्हटलं, त्यालाच ते एकदा ऐन वेळी गिळावंसं वाटलं, त्याची ही गोष्ट.

साल २०४१. उन्हाळा आता होळीलाच येऊन बसायचा आणि जुलैपर्यंत हलायचं नाव घ्यायचा नाही. विजेचं असं झालं होतं, की उन्हाळाभर प्रत्येक घराला रोजचा वाटा ठरवून दिलेला. दुपारी दोन ते पाच ही 'लाल वेळ'. त्या वेळात एसी लावला तर तास-दीड तासात दिवसाचा वाटा संपायचा आणि मग रात्री पंख्यालासुद्धा वीज उरायची नाही. कूलर वीज कमी खायचा, पण पाणी किती प्यायचा! दिवसाला शंभर-सव्वाशे लिटर. आणि नळ यायचा दहा दिवसांनी. बायका हंड्याकडे बघायच्या, मग कूलरकडे बघायच्या, आणि हंडा जिंकायचा. दिगूभाऊंच्या दुकानात गिऱ्हाईक अजून होतं, पण पूर्वीसारखी रांग नव्हती. ते ही गोष्ट कुणाजवळ बोलत नसत.

त्यांची एकुलती एक मुलगी जान्हवी इमारतींची इंजिनिअर. लहानपणी बापाच्या दुकानात खशीच्या ढिगावर झोपणारी ही पोर मोठी होऊन कूलरच्याच मुळावर उठली, असं दिगूभाऊ चारचौघांत म्हणायचे, आणि म्हणताना त्यांच्या मिशीत हसू असायचं. तिनं सहा वर्षं खपून एक गिलावा बनवला होता. नाव दिलं होतं मेणगिलावा.

त्यातलं इंगित तिनं आईला सरबताच्या पेल्यावर समजावलं होतं. बर्फ घातलेलं सरबत उन्हात ठेवलं, तरी शेवटचा खडा विरघळेपर्यंत ते गारच राहतं. ऊन उष्णता देतच असतं, पण ती सगळी बर्फ वितळवण्यात खर्ची पडते, सरबत तापवायला काही उरत नाही. बर्फ शून्यावर वितळतो. जान्हवीनं मेळघाटातल्या मोहाच्या बियांच्या तेलापासून असं मेण तयार केलं, की ते बरोबर एकोणतीस अंशांवर वितळावं. त्या मेणाचे रव्याहून बारीक दाणे, प्रत्येकावर एक पातळ कवच, म्हणजे वितळलं तरी बाहेर ओघळायला नको. हे दाणे गिलाव्यात कालवायचे आणि भिंतींना आणि छताला आतून दोन बोटं जाडीचा थर द्यायचा. वर स्लॅबला पांढरा चुना, खिडक्यांवर रुंद छज्जे. दुपारी बाहेर आग ओतली तरी आतलं मेण हळूहळू वितळत ती उष्णता खात राहतं, आणि खोली तीस-एकतीसच्या पुढे सरकत नाही. पंखा लावला की माणूस सुखात.

पण खाल्लेलं पचवावं लागतं. रात्री घरातून गार वारा वाहिला, की मेण पुन्हा थिजतं आणि दिवसभराची उष्णता वाऱ्याबरोबर बाहेर टाकतं. वारा नाही मिळाला तर मेण पातळच राहतं, आणि दुसऱ्या दिवशी ती भिंत गावातल्या कुठल्याही भिंतीसारखीच तापते. म्हणून हे घर दिवसा बंद ठेवायचं आणि संध्याकाळपासून पुढचं-मागचं दार सताड उघडायचं. दोन्ही दारांना बाहेरून लोखंडी जाळीचं कुलूपबंद दार होतंच, त्यामुळे चोराची भीती नव्हती. भिंतीत एका जागी जान्हवीनं बशीएवढी काच बसवली होती. मेण थिजलं की काच दुधासारखी पांढरी, वितळलं की पाण्यासारखी. "हा भिंतीचा डोळा," ती म्हणाली होती. "सकाळी पांढरा दिसला तर समजा, भिंतीला झोप लागली."

आता हे सगळं घोगऱ्यांच्याच घरात का, तर कापसाच्या जिनिंग कारखान्यांतल्या कामगारांची एक गृहनिर्माण संस्था दोनशे बारा घरं बांधणार होती. साध्या भिंती आणि घराघरात एसी घ्यायचा, की मेणगिलावा, हे तीन जूनच्या बैठकीत ठरायचं होतं. संस्थेच्या लोकांनी अट घातली, की प्रयोगशाळेतली खोली नको, खऱ्या माणसांचं खरं घर दाखवा. नवतप्याचे नऊ दिवस, पंचवीस मे ते दोन जून, सूर्य रोहिणीत असतो आणि वऱ्हाड तव्यावर असतं. त्या नऊपैकी सहा दिवस दुपारी चार वाजता खोली बत्तीस अंशांच्या आत राहिली पाहिजे. पंखे चालतील, कूलर-एसी नाही. आणि जान्हवीनं त्या नऊ दिवसांत घरात पाऊल टाकायचं नाही, म्हणजे लबाडीला जागा नको. असं घर द्यायला कुणी तयार होईना, तेव्हा आईनं, प्रतिभाताईंनी, एका वाक्यात निकाल लावला: पोरीनं घर मागितलं, द्यायचं. त्यांची एकच अट होती. आपल्या घरात कॅमेरे आणि दारांची उघडझाप टिपणारी यंत्रं नकोत. एक तापमान मोजणारी डबी काय ती लावा.

दिगूभाऊंनी मात्र पैज लावली. नवतप्यात पोरीची भिंत टिकली तर ते दुकानाची पाटी उतरवतील. हरली तर जान्हवीनं पुढचा सगळा उन्हाळा दुकानात बसून खस भरायची. दोघंही हसत होते, पण पैज दोघांनाही खरी वाटत होती. भिंत हरली असती तर जान्हवीची सहा वर्षं कपाटात गेली असती. ती जिंकली असती तर दोनशे बारा घरांत एकही कूलर जाणार नव्हता, आणि त्यांचं पाहून पुढच्या दोन हजारांतही.

नवतपा लागला तेव्हा प्रतिभाताई भाच्याच्या लग्नासाठी अंजनगावला गेल्या होत्या. दिगूभाऊ एकटेच. खिडक्या तर उन्हाळाभर बंदच असायच्या; सकाळी सातला ते दोन्ही दारं लावायचे आणि संध्याकाळी साडेसहाला ती उघडून पुन्हा दुकानात जायचे. पहिल्या दिवशी दिवसाढवळ्या बंद दार बघून शेजारचे बोदडे काठी टेकत आले. घरात कुणी गेलं की काय, असं त्यांना वाटलं. दिगूभाऊंनी त्यांना आत घेतलं. बोदडे दोन तास उठले नाहीत.

त्या दुपारी बाहेर शेहेचाळीस होतं आणि आत तीस. दिगूभाऊ पंख्याखाली आडवे झाले ते थेट साडेचारला जागे झाले. एकतीस वर्षांत त्यांना भर नवतप्यात दुपारची झोप मिळाली नव्हती. उठल्यावर खूप बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच त्यांना राग आला. दुसऱ्या दिवशी साडेतीस, तिसऱ्या दिवशी पुन्हा तीस. सकाळी काच दुधासारखी पांढरी. दुकानात गेल्यावर ओळीनं उभे असलेले कूलर त्यांना लग्न न ठरलेल्या मुलींसारखे वाटू लागले. त्यांनी एकाच्या पत्र्यावरची धूळ उगाचच पुसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रतिभाताई बुंदीचे लाडू घेऊन परतल्या. चौथ्या दिवशी खोली तेहतीसवर गेली.

"आई घरी आली आणि घर तापलं," फोनवर जान्हवी हसत म्हणाली. पण पाचव्या दिवशी डबीनं साडेचौतीस दाखवले तेव्हा ती हसली नाही. सकाळी डोळा पांढरा होता का, असं तिनं विचारलं. नव्हता, पाण्यासारखा होता. मग रात्री मागचं दार उघडं असतं ना? दिगूभाऊंनी शपथेवर सांगितलं, की साडेसहाला मी स्वतः उघडतो, आणि सकाळी लावायला जातो तेव्हाही ते उघडंच असतं. ते खरंही होतं. दुकानातून परत यायला त्यांना नऊ वाजायचे. पुढच्या दारानं आत शिरून हातपाय धुवायचे आणि जिन्यानं सरळ वर जायचं. जेवण स्लॅबवर, झोपही स्लॅबवर, वऱ्हाडातल्या प्रत्येक घरासारखी. मागच्या दाराकडे रात्री फिरकायचं कारणच नव्हतं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ते मोठा पाना घरी विसरले म्हणून सव्वासातला परत आले. जवळ पडतं म्हणून मागच्या बोळातून. बघतात तर मागचं दार आतून घट्ट लावलेलं. आत स्वयंपाकघरातल्या देवापाशी घंटी वाजत होती, उदबत्तीचा वास येत होता.

दिगूभाऊ जागीच थांबले, आणि सगळं त्यांना एका क्षणात कळलं. दिवेलागणीला लक्ष्मी पुढच्या दारानं घरात येते. त्या वेळी मागचं दार उघडं असलं तर ती आली तशी मागून निघून जाते. म्हणून दिवा लावायच्या आधी मागच्या दाराला कडी घालायची, हे प्रतिभाताई चौतीस वर्षं करत आल्या होत्या. श्वास घेतल्यासारखं करत होत्या, त्यांना वेगळं आठवावंही लागत नव्हतं. एकदा घातलेली कडी निघायची ती पहाटे पाचला, अंगण झाडताना. हवेला यायची वाट होती, जायची नव्हती. भिंत रात्रभर जागी राहत होती.

हे सांगायचं एवढंच काम होतं. दार वाजवायचं, बायकोला सांगायचं, पोरीला फोन करायचा. दिगूभाऊंचा हात जाळीपर्यंत गेला. आणि तिथेच त्यांच्या मनात आलं, की आपण काही केलेलं नाही. आपण फक्त काही बोललो नाही, तर पाटी राहते. पोरगी अजून तरुण आहे, तिला दुसरं काहीतरी सुचेल, आपल्याला या वयात काय सुचणार? हात खाली आला. पाना न घेताच ते बोळातून परत फिरले. त्या रात्री त्यांना जेवण गोड लागलं नाही, आणि पोट बिघडलं असेल, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

सहाव्या दिवशी छत्तीस. तीन दिवस पास, तीन नापास. आता उरलेले तिन्ही दिवस जमले तरच काही आशा.

आकडा कळताच जान्हवी दुकानात आली. दिगूभाऊंना वाटलं होतं ती भांडेल, आणि भांडली असती तर त्यांना सोपं गेलं असतं. तिनं स्टूल ओढलं आणि शांतपणे विचारलं, "बाबा, रात्री दार तुम्ही लावता का? खरं सांगा. मी रागावणार नाही."

"मी नाई लावत," दिगूभाऊ म्हणाले.

नरो वा कुंजरो वा. शब्दन् शब्द खरा, आणि सगळं मिळून खोटं.

जान्हवीनं मान हलवली. तुम्ही म्हणता म्हणजे नसालच लावत, असं ती म्हणाली, मग माझंच गणित कुठेतरी चुकलंय. प्रयोगशाळेत वारा असतो, यंत्रं असतात, खऱ्या घरात भिंत झोपत नसेल तर नसेल. संध्याकाळी संस्थेला पत्र लिहून प्रयोग मागे घेते, लोकांना उगाच आशेवर ठेवण्यात अर्थ नाही. एवढं बोलून तिनं कोपऱ्यातला कूलरचा रिकामा चौकटा ओढला, मांडी घातली आणि खस भरायला सुरुवात केली.

"हे काय करतं?" दिगूभाऊंनी विचारलं.

"हरले तर भरीन म्हटलं होतं ना. सवय करून घेते."

ती भरत होती बरोबर. कडेला घट्ट, मध्ये सैल, जाळीला न टोचता. सात वर्षांची असताना त्यांनीच तिला शिकवलं होतं. दिगूभाऊंना ते बघवेना. त्यांनी तिच्या हातातला चौकटा काढून घेतला, पत्र उद्यापर्यंत लिहू नको, असं कसंबसं सांगितलं, आणि भर सीझनमध्ये पाच वाजायच्या आत शटर खाली ओढलं. असं आजवर फक्त जान्हवीच्या जन्माच्या दिवशी झालं होतं.

घरी प्रतिभाताई ज्वारीचं पीठ चाळत होत्या. दिगूभाऊंनी सगळं सांगितलं: भिंत, वारा, कडी. आणि आजपासून दिवेलागणीला मागचं दार उघडं राहू द्यायचं, असं शेवटी म्हणाले. प्रतिभाताईंचा हात थांबला.

"काल त तुम्ही दार लावलेलं पाहून गुमान परत फिरले," त्या म्हणाल्या. "मी सैपाकघराच्या खिडकीतून पायलं. मले वाटलं, चौतीस वर्षांत एकदा तरी या माणसानं माह्या लक्ष्मीचा मान ठेवला."

दिगूभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीशी लबाडी केली ती केली, वर बायकोनं तिलाच पुण्य समजून घेतलं होतं. हो म्हटलं असतं तर इथेही निभावलं असतं. पण दिवसातलं एक खोटं त्यांना पुरेसं झालं होतं. मान नाही ठेवला, असं त्यांनी सांगितलं, पाटी वाचवायला परत फिरलो.  प्रतिभाताई चाळण बाजूला ठेवून म्हणाल्या, की तुमचं पाप तुमच्यापाशी, पोरीसाठी मी जीवही देईन, पण मागचं दार उघडं ठेवणार नाही. या घरात आले त्या दिवशी सासूनं जवळ घेऊन सांगितलं होतं, सूनबाई, बाकी काही विसरली तरी चालेल, एवढं विसरू नको. आता त्या नाहीत, तर त्यांचा शब्द मोडू का?

 दिगूभाऊ जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसले, डोकं हातात धरून. आणि बसल्या बसल्या त्यांच्या मानेला झळ लागली. वर बघितलं. जिना हे घरातलं सगळ्यात तापलेलं ठिकाण होतं. घरभरची गरम हवा वर चढून तिथे कोंडून बसली होती, कारण वरचं दार बंद. ते नेहमीच बंद असायचं. माणसं वर झोपायला गेली की मांजर खाली उतरून दूध पिते म्हणून. पोरीच्या नकाशातही ते दार बंदच काढलेलं होतं. तिनं वारा पुढून मागे नेला होता. पण गरम हवेला पुढचं-मागचं काय कळतं? तिला वरचं कळतं. एकतीस वर्षं हवेच्या वाटा शोधणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातली वाट दिसली नव्हती.

दिगूभाऊ उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आले.

"मागचं दार लावजो. बेशक लावजो," ते म्हणाले. "पण जिन्याचं वरचं दार उघडं ठेवलं त? का तिथून बी जाते लक्ष्मी?"

प्रतिभाताईंनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. पिठाचे हात तसेच धरून त्या विचार करू लागल्या. सासूबाईंनी वरच्या दाराबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या वेळी जिना नव्हता, घर कौलारू होतं.

"वर कोण झोपते?" त्यांनी विचारलं.

"आपुनच."

"मंग वर गेली त जाईन कुठं? आपल्याच उशाशी येईन."

पुढचे दोन तास दिगूभाऊंनी जे काम केलं, तसं त्यांनी कुठल्या गिऱ्हाइकासाठी केलं नसेल. दुकानातला एक जुना कूलर आणला. टाकी काढली, पंप काढला, खस काढली. उरला पंखा आणि तिरप्या पट्ट्यांची पत्र्याची चौकट. ती चौकट पत्रा जोडून वरच्या दाराएवढी केली आणि बिजागऱ्यांवर घट्ट बसवली, म्हणजे माणसं ढकलून वर जातील, आणि पंखा उलटा फिरवून हवा बाहेर फेकेल असा लावला. मांजराला जायला जागा नाही, हवेला रान मोकळं. पंखा खाणार जेमतेम एका दिव्याएवढी वीज. दिवेलागणीला प्रतिभाताईंनी मागच्या दाराला कडी घातली, पुढे दिवा लावला, आणि दिगूभाऊंनी पंख्याचं बटण दाबलं. पुढच्या दारातला पडदा आत फुगला आणि तसाच फुगलेला राहिला.

मग त्यांनी जान्हवीला फोन केला आणि सगळं सांगितलं, पाचव्या दिवसाच्या संध्याकाळसकट. "सहावा दिवस माह्यामुळं गेला, पोरी," ते म्हणाले. 

"म्हणजे माझी भिंत नापास नव्हती," जान्हवी म्हणाली. "माझे बाबा नापास होते." आणि ती रडत होती की हसत होती हे दिगूभाऊंना नीट कळलं नाही. दोन्ही असावं. पंख्याची परवानगी अटीत होतीच, तरी तिनं त्याच संध्याकाळी संस्थेला सगळा बदल लिहून कळवला.

सातव्या दिवशी पहाटे दिगूभाऊ चूळ न भरताच भिंतीपाशी गेले. डोळा पांढरा होता. कडेला थोडासा पातळपणा, तीन रात्रींचं जागरण एका रात्रीत कसं भरणार? पण पांढरा. दुपारी साडेएकतीस. आठव्या दिवशी तीस.

नवव्या दिवशी नवतप्यानं जाता जाता हिसका दाखवला. बाहेर अठ्ठेचाळीसच्या वर. रस्त्यात कुत्रंही दिसेना. जान्हवी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली ओढणी डोक्याला गुंडाळून उभी. अट म्हणजे अट. आत दिगूभाऊ डबीसमोर बसलेले. तीन वाजता एकतीस, साडेतीनला साडेएकतीस. पावणेचारला आकडा बत्तीसला एक दशांश कमी होता आणि काचेच्या डोळ्यात पांढऱ्याचा एक शेवटचा ठिपका तरंगत होता. प्रतिभाताईंनी देवापाशी हात जोडले. दिगूभाऊंनी तो ठिपका विरू नये म्हणून काचेला पदरानं वारा घालायला बायकोला सांगितलं, इतकं त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. चार वाजले. आकडा हलला नव्हता.

दिगूभाऊ तसेच उघड्या पायांनी फाटकापर्यंत पळाले, आणि पाय भाजले म्हणून तितक्याच वेगानं परत आले. जान्हवीला उत्तर कळायला तेवढं पुरेसं झालं.

तीन जूनला संस्थेचे पाच जण स्वतः अनुभव घ्यायला आले. लाल वेळेत, मुद्दाम. प्रतिभाताईंनी ताक दिलं. चर्चा सुरू झाली, आणि दहा मिनिटांत संस्थेचे सचिव खुर्चीतच घोरू लागले. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आवाज खाली आणला, आणि ठराव कुजबुजत मंजूर झाला. त्या पाचांत जिनिंगमध्ये तीस वर्षं काढलेल्या सरूबाई तायडे होत्या, त्यांनी एक दुरुस्ती मांडली. दोनशे बारा घरांत दोनशे बारा मागची दारं दिवेलागणीला लागणार, हे लिहून घ्या, त्या म्हणाल्या, नकाशा आमच्या कडीप्रमाणे काढा. जान्हवीनं मान खाली घालून ते लिहून घेतलं. प्रत्येक घराच्या जिन्याला वर एक चौकट, एक पंखा. ते करणार कोण, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

पैजेचा निकाल मात्र लागेना. भिंत टिकली म्हणजे मी जिंकले, असं जान्हवीचं म्हणणं. दिगूभाऊंचं म्हणणं, टिकली ती कूलरच्या पंख्यावर, तेव्हा कूलर जिंकला. शेवटी त्यांनी स्वतःच शिडी लावून पाटी उतरवली, तिच्यावरचा 'कूलर्स' हा शब्द पुसला आणि बाकीचं तसंच ठेवलं. थंड हवेची हमी अजून त्यांचीच होती. आणि जान्हवीनं तो अर्धा भरलेला खशीचा चौकटा पूर्ण करून दिला, कारण बोदड्यांचं घर अजून जुन्या भिंतींचं होतं आणि म्हाताऱ्याला उन्हाळा काढायचा होता.

तीन जूनच्याच संध्याकाळी प्रतिभाताईंनी मागच्या दाराला खणखणीत कडी घातली, पुढे दिवा लावला, आणि वर जाऊन स्लॅब झाडून अंथरुणं घातली. दिगूभाऊ वर आले. जान्हवी नऊ दिवसांनी घरी आलेली, म्हणजे माणसं तीन. अंथरुणं चार.

"हे कोनाचं?" त्यांनी विचारलं.

प्रतिभाताई चौथ्या सतरंजीची सुरकुती हातानं सारखी करत होत्या. "वर ये म्हनलं तिले," त्या म्हणाल्या. "मंग आलेल्या बाईले झोपाले जागा नको?"

 दिगूभाऊंनी आपली सतरंजी थोडी कडेला ओढून घेतली, चौथ्या अंथरुणावर वारा नीट यावा म्हणून. जिन्यातला पंखा घरघरत होता, आणि खाली भिंत झोपायला लागली होती.